खिळा, मेण आणि संकेत

मराठी समीक्षेने लेखकाच्या मनाचा जेवढ्या आस्थेने शोध घेतला, तेवढा त्याच्या छापखान्याचा घेतलेला नाही. कवीची अनुभूती, तिची प्रत, तिचा आकृतिबंध यांविषयी आपल्याकडे पाऊणशे वर्षे चर्चा चालली आहे, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु ती कविता कोणत्या यंत्रातून बाहेर पडली, ते यंत्र कोणाच्या मालकीचे होते, कागद कोणी आणला आणि उरलेल्या प्रतींचे पुढे काय झाले, हे प्रश्न समीक्षकाने व्यवस्थापकाकडे सोपवून दिले. वाङ्मय जणू मनातून थेट वाचकाच्या हाती पडते, अशा थाटात आपण लिहीत आलो.

याचा एक परिणाम असा झाला, की ‘स्वतंत्र प्रकाशन’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरू लागलो. ज्याला नावाजलेल्या प्रकाशकाने दार उघडले नाही आणि ज्याने पदरमोड करून पुस्तक काढले तो स्वतंत्र, एवढाच त्याचा अर्थ उरला. आमच्या पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी अशी पुस्तके निघतच असतात. लेखक पगारातून किंवा तुरीच्या पैशातून रक्कम भरतो, तीनशे-पाचशे प्रती येतात, प्रकाशनाचा समारंभ होतो, हारतुरे होतात. निम्म्या प्रती ‘सप्रेम भेट’ म्हणून जातात आणि निम्म्या पलंगाखाली. या माणसाने कोणाची मिनतवारी केली नाही हे खरे. पण तो स्वतंत्र झाला का? दुसरी आवृत्ती काढायची म्हटले तर त्याच्या हाती काय असते? मजकूर जुळवणाऱ्याच्या संगणकात होता आणि तो संगणक मोडीत निघाला. उरली ती एक छापील प्रत, आणि तीही कोणीतरी वाचायला नेलेली.

म्हणून स्वातंत्र्याची कसोटी थोडी कडक करावी असे मला वाटते. ज्याला आपला मजकूर स्वतः छापता येतो, छापल्यावर तो जपता येतो, आणि जपलेला मजकूर परक्या माणसाला किल्ली न मागता उघडता येतो, ते प्रकाशन स्वतंत्र. छापणे, जपणे आणि उघडे ठेवणे अशा या तीन पायऱ्या आहेत. गेल्या सत्तर वर्षांत महाराष्ट्रात ज्या कलावंतांनी आणि संशोधकांनी छपाईच्या आणि संगणकाच्या साधनांनाच हात घातला, त्यांचे काम या तीन पायऱ्यांवर ठेवून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ अनियतकालिकांपासून केला पाहिजे. १९५४-५५ च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ, बंडू वझे या तरुणांनी मुंबईत ‘शब्द’ काढले, ते सायक्लोस्टाइलवर. त्या यंत्राची रीत आजच्या वाचकाला सांगावी लागेल. मेणाचा थर दिलेल्या पातळ कागदावर फीत काढून ठेवलेल्या टंकयंत्राने किंवा टोकदार लेखणीने अक्षर उमटवायचे. जेथे मेण फाटते तेथून शाई झिरपते. असा कागद रुळावर चढवून दांडा फिरवला की खालून प्रती पडू लागतात. काही शेकडा प्रती निघाल्या की मेणकागद फाटतो. खर्च थोडा, देखणेपण बेताचे आणि मजकूर कोणाला दाखवून मंजूर करून घेण्याची गरज नाही. पुढे अशोक शहाणे आणि भालचंद्र नेमाडे यांचे ‘असो’, राजा ढाले यांची ‘येरू’ आणि ‘चक्रवर्ती’, आमच्या मराठवाड्यात त्या वेळच्या औरंगाबादेतून निघणारे ‘वाचा’ अशी ही मालिका वाढत गेली.

या चळवळीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; पण बहुतेक लेखन तिच्यातील बंडाविषयी आहे. मला तिच्यातील कारागिरी अधिक लक्षणीय वाटते. ही मंडळी ज्या ‘सत्यकथे’शी भांडत होती, तिच्या मागेही मौजेचा स्वतःचा छापखाना उभा होता. संपादकाची नजर आणि जुळाऱ्याचा हात एका छपराखाली नांदत होते, म्हणून तर त्या पानांवर अनुस्वारही जागेवर असे. म्हणजे भांडण पक्के होते, पण दोन्ही पक्षांना खिळा ठाऊक होता. मुद्रितशोधन हा दोघांचाही नित्यधर्म होता. आज बंडखोर आणि प्रस्थापित दोघेही आपला मजकूर तिसऱ्याच्याच यंत्रावर टाकून मोकळे होतात, आणि ते यंत्र आत कसे चालते याची चौकशी दोघांपैकी कोणीच करीत नाही. त्या काळापासून हा फरक पडला आहे, आणि तो लहान नाही.

कोलटकरांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. ते जाहिरातीच्या धंद्यात चित्रकार म्हणून नावाजलेले. पानावर किती जागा मोकळी सोडावी, अक्षर कोठे उभे करावे, हे त्यांना पोटापाण्याच्या कामातून समजले होते. १९७६ साली इंग्रजी ‘जेजुरी’ निघाली ती कवींनीच मिळून उभारलेल्या ‘क्लिअरिंग हाउस’तर्फे, ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढल्या. त्यानंतर मराठीत सव्वीस वर्षे संग्रह नाही, आणि मग २००३-०४ मध्ये ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ पाठोपाठ आले. सव्वीस वर्षे थांबणे ज्याला परवडते तो कवी बाजाराचा बांधील नसतो. आणि एवढा काळ त्याची वाट पाहणारा प्रकाशकही बाजाराचा माणूस नसतो. छापण्याच्या पायरीवर या दोघांनी मिळवलेले स्वातंत्र्य पुरे होते असे मी म्हणेन.

दुसऱ्या पायरीवर मात्र अनियतकालिकांची चळवळ लटकी पडली. अंक निघाले, हातोहात गेले आणि विरले. ज्याला आज ते पाहायचे आहेत त्याला कोणाच्या तरी घरातील पेटी उघडावी लागते, आणि पेटीचा धनी भला असावा लागतो. ‘अनियत’ या शब्दातच पुढच्या अंकाची हमी नाही. तेव्हा मागचा अंक जपण्याची जबाबदारी तरी कोणी घ्यायची? बंडाच्या भरात हा प्रश्न त्यांना क्षुल्लक वाटला असेल. पण जपणे हे लेखनाइतकेच मोठे काम आहे, हे आमच्या जिल्ह्यात तरी वेगळे सांगावे लागू नये. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ‘गीतार्णवा’त ओव्यांचा डोंगर रचला हे त्यांचे थोरपण खरेच, पण ‘पंचीकरण’ मांडताना त्यांनी कागद सोडून लांबरुंद पासोडी पसरली आणि कापडावर अक्षरे लिहिली. ही पासोडी चारशे वर्षे टिकली याचे श्रेय दासोपंतांना जितके, तितकेच ती पिढ्यानपिढ्या घडी घालून सांभाळणाऱ्या हातांना आहे. लेखकाने साधन स्वतः निवडले आणि सांभाळणाऱ्यांनी ते अंगावर घेतले: छापखाना येण्याच्या आधी आपल्याकडे स्वतंत्र प्रकाशन होते ते असे.

आता तिसऱ्या पायरीकडे येऊ. मजकूर छापला, जपला, पण तो उघडताच आला नाही तर? मराठीला हा अनुभव नवा नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. रवळोबासांच्या नावाने सांगितली जाणारी ही लिपी म्हणजे अक्षरांची अदलाबदल: दिसायला नागरी, वाचायला गेले तर अर्थशून्य. किल्ली ठाऊक असलेल्यांपुरते ते वाङ्मय जिवंत राहिले आणि उरलेल्या महाराष्ट्राला कित्येक शतके त्याचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी खटपट करून कुलूप उघडले तेव्हा आपल्या गद्याचा आरंभच आपण इतके दिवस हरवून बसलो होतो हे ध्यानात आले. महानुभावांनी हे कुलूप जाणूनबुजून घातले होते. त्यांना आपले ग्रंथ उपऱ्या नजरेपासून राखायचे होते.

संगणकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी मुद्रणाने नेमके असेच कुलूप घातले, आणि तेही कोणताही पंथ राखायचा नसताना. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. रोमन लिपीसाठी ठरलेल्या आकड्यांच्या खणांतच प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने देवनागरीचे तुकडे बसवले: एकीचा अर्धा ‘ग’ या खणात, तर दुसरीचा त्या खणात. त्या कंपनीचा टंक संगणकावर असेल तोवर मराठी दिसते. टंक काढून घेतला की त्याच मजकुराची रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होते. हजारो पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका, जिल्ह्याजिल्ह्यांतील दैनिके अशा रीतीने जुळवली गेली, आणि काही ठिकाणी अजूनही जुळवली जातात. कागदावर ती उत्तम दिसतात. पण संगणकातील त्यांची मूळ प्रत ही नवी सकळ लिपी आहे, आणि या वेळी किल्ली पंथाकडे नसून दुकानाकडे आहे.

हे अमूर्त वाटू नये म्हणून सांगतो. माझी एक कादंबरी ज्या छापखान्यात झाली तो पुढे बंद पडला. मजकुराची चकती मागून घेतलेली होती, जपलेलीही होती. ती उघडली तेव्हा चारशे पानांत एक मराठी शब्द धड वाचता येईना. उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून सगळी कादंबरी छापील प्रतीवरून पुन्हा टंकली तेव्हा ती माझी झाली. माझ्यापाशी सुट्टी होती आणि प्रत होती. जो लेखक आज हयात नाही आणि ज्याच्या घरात कोणी टंकणारे नाही, त्याच्या पुस्तकाचे काय होत असेल याचा हिशेब कोणत्याच परिषदेत मांडला जात नाही.

यावर उपाय झाला तो युनिकोडचा. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीसाठी एकशे अठ्ठावीस खणांची स्वतंत्र पट्टी राखली गेली. ‘क’ म्हणजे २३२५. पाटोद्यात आणि पॅरिसात, कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर तोच. अक्षराचा आकडा एक आणि त्याचे रूप मात्र टंकानुसार वेगळे, ही साधी वाटणी केल्याबरोबर कुलूप गळून पडले. तरी मराठीला तेथेही आपली जागा झगडून घ्यावी लागली. ‘ॲ’ हे आपले अक्षर. त्याला स्वतःचा खण मिळाला तो २००८ साली. तोवर ‘अ’वर चंद्र ठेवून वेळ भागवली जात होती, आणि पुष्कळ ठिकाणी तो चंद्र अक्षराशेजारी एका वाटोळ्या ठिपक्यावर लोंबकळताना दिसे.

आकडा ठरला, पण पडद्यावर अक्षर काढणार कोण? येथे ज्या माणसाचे नाव घेतले पाहिजे ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच सापडते. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८), म्हणजे र. कृ. जोशी, हे कवी, सुलेखनकार आणि शिक्षक. जे. जे.मध्ये शिकले, ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत वीसेक वर्षे काम केले, १९८३ पासून मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले आणि निवृत्तीनंतर राष्ट्रीय संगणक संस्थेत अक्षरांचेच काम करीत राहिले. मराठीत आकृतिकवितेचे प्रयोग ज्यांनी केले त्यांत ते आहेत: ज्यात शब्दाचा अर्थ त्याच्या मांडणीतून डोळ्यांना भेटतो अशी ती कविता. सर्व भारतीय भाषांना चालेल अशी ‘देशनागरी’ लिपी घडवण्याचे स्वप्नही त्यांनी पाहिले. आणि ज्या ‘मंगल’ टंकात आपल्या शाळांतील परिपत्रकांपासून मंत्रालयातील आदेशांपर्यंत सगळे काही वर्षानुवर्षे वाचले गेले, तो त्यांच्याच हातचा. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० बरोबर तो घरोघरच्या संगणकात पोचला.

‘मंगल’ देखणा आहे असे मी म्हणणार नाही. त्याची शिरोरेषा सरळसोट, वळणे बेतशीर. पुस्तकात छापला तर पान कोरडे दिसते. कुंचल्याचा एवढा धनी माणूस असे निर्विकार अक्षर का काढतो, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर त्या काळच्या पडद्यात आहे. तेव्हाचा पडदा जाडाभरडा होता. बारा-चौदा ठिपक्यांच्या उंचीत ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘ङ्म’ वाचता आले पाहिजेत, वर वेलांटी व रफार आणि खाली उकार मावला पाहिजे. ज्याला लिपीतला दागिना ठाऊक आहे त्यानेच तो उतरवून ठेवायचा, याला संयम लागतो, आणि असा संयम हा कलागुण आहे. कवीने स्वतःची सही पुसून सर्वांना उपयोगी पडेल असे अक्षर द्यावे, ही घटना एखाद्या मोठ्या संग्रहाच्या तोडीची मानावी असे मला वाटते. आपल्या समीक्षेने ती तांत्रिक बाब म्हणून सोडून दिली.

तथापि एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. ‘मंगल’ हा टंक परदेशी कंपनीच्या मालकीचा. कुलूप उघडले, पण घर भाड्याचेच राहिले. ही उणीव भरून काढण्याचे काम पुढच्या पिढीने केले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने ‘मुक्त’, ‘बलू’ असे टंक काढून ते खुल्या परवान्याने सर्वांना दिले. या परवान्याची अट उदार आहे: टंक वापरा, वाटा, आत शिरून बदला, तो नुसता तेवढाच विकू मात्र नका. ‘मुक्त’ रचणाऱ्यांपैकी गिरीश दळवी हे जोशी जेथे शिकवीत त्याच संस्थेत आज शिकवतात, हा दुवा मला केवळ योगायोगाचा वाटत नाही. शंभरावर वर्षांपूर्वी टिळकांनी नागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. शंकर आबाजी भिसे खिळे ओतणाऱ्या यंत्राच्या मागे आयुष्यभर लागले. राजकारणी आणि संशोधक यांना जे धातूत करावेसे वाटले तेच हे लोक आकड्यात करीत आहेत. फरक इतकाच, की ओतीव खिळा दुसऱ्याला दिला तर आपल्याकडे उरत नाही आणि हा खिळा कितीही दिला तरी उरतो.

येथवरचे विवेचन अक्षरापुरते झाले. परंतु ज्या कलावंतांनी जपणे आणि उघडे ठेवणे हीच आपली कला मानली त्यांचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २००७ साली शैना आनंद, अशोक सुकुमारन आणि संजय भांगर यांनी मुंबईत ‘कॅम्प’ नावाचा गट उभारला. २००८ मध्ये त्यांनी बंगळूर, बर्लिन येथील मंडळींच्या साह्याने ‘पॅड.मा’ हे चित्रफितींचे भांडार जाळ्यावर खुले केले. २०१३ मध्ये त्याला जोडून भारतीय चित्रपटांचे ‘इंडियनसिने.मा’. त्यासाठी लागणारी ‘पॅन्डोरा’ ही संगणकप्रणाली खुली आहे, ती कोणीही घेऊन आपले भांडार मांडू शकतो.

‘पॅड.मा’चे वैशिष्ट्य असे, की तेथे तयार माहितीपटांपेक्षा त्यांच्यासाठी केलेले कच्चे चित्रण ठेवण्यावर भर आहे. अनुबोधपट करणारा माणूस तासन्‌तास चित्रण करतो आणि तासाभराचा पट काढतो. उरलेले सगळे कपाटात कुजते. त्या कपाटात एखादा मोर्चा असतो, एखादी गिरणी, एखाद्या बाईने मध्येच थांबून सांगितलेली गोष्ट. पटाच्या सूत्रात बसली नाही म्हणून ती कापली गेली. हे कापलेले येथे ठेवले जाते, आणि प्रत्येक क्षणाशेजारी टिपण लिहिण्याची सोय असते: कोण बोलते आहे, काय म्हणते आहे, मागे कोणती इमारत दिसते. एखादा शब्द शोधला की तो जेथे उच्चारला गेला नेमक्या त्या क्षणाशी वाचक पोचतो. संग्रह कोणी मोठा माणूस बांधून देईल म्हणून वाट पाहत बसू नका, या अर्थाचा विचार या मंडळींनी २०१० साली सूत्ररूपाने मांडला होता.

हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या वाङ्मयाची सुरुवातच टिपणाने झालेली आहे. ज्ञानेश्वरी ही टीका आहे; श्लोक समोर ठेवून त्याच्या शेजारी लिहिलेली. महानुभावांच्या परंपरेत तर एकेका सूत्राभोवती टीपग्रंथांची मालिकाच आहे. मूळ मजकूर न बदलता त्याच्या काठावर बसून त्याचा अर्थ वाढवत नेणे ही आपली जुनी खोड. ‘कॅम्प’च्या मंडळींनी ती चलच्चित्राला लावली.

त्यांचा २०१३ चा ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ हा पट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कच्छ, सिंध, बलुचिस्तान, दक्षिण इराण येथील खलाशी लाकडी गलबतांवरून आखातात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला माल नेतात. त्यांनी प्रवासात आपापल्या खिशातील फोनवर जे टिपले, आणि त्यावर आपल्या आवडीची गाणी चढवून एकमेकांना जे दिले, त्यातूनच हा पट उभा केलेला आहे. चित्रणाची प्रत ठिकठिकाणी ओबडधोबड आहे. ठिपके फुटतात, रंग उडतात. परंतु कोणत्या क्षणी फोन बाहेर काढावा हे खलाशाने ठरवलेले आहे, आणि हीच त्याची थोरवी. बाहेरचा माणूस वादळ टिपील. कामाच्या मध्ये आलेला रिकामा वेळ टिपायला त्याच गलबतावरचा माणूस लागतो. २०२५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने या गटाच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्याचा आनंद आहेच. पण आपल्या बाजूने विचारायचा प्रश्न वेगळा आहे.

प्रश्न असा: हे भांडार कोणाला उघडते? ‘पॅड.मा’वर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत हे खरे. पण टिपणांची भाषा बहुतांशी इंग्रजी, चर्चेची परिभाषा इंग्रजी, आणि तीही अशी, की मराठी शाळेत शिकून इंग्रजी वाचायला लागलेल्या माणसाने दोन वाक्यांत धाप टाकावी. चित्रफितीत मराठी बोलणारी बाई असते आणि तिच्या बोलण्याचा पत्ता मात्र इंग्रजीत लिहिलेला असतो. हिचे शब्द शोधायचे तर तिच्या मुलीला आधी दुसऱ्या भाषेचा उंबरठा ओलांडावा लागतो. आकड्यांचे कुलूप काढणाऱ्यांच्या दारावर परिभाषेचे कुलूप राहून गेले आहे. या कामाची योग्यता मी वर मनापासून मांडली आहे. म्हणूनच हा आक्षेप मी त्यातील गौण दोष मानीत नाही.

मात्र हा दोष दाखवून मराठी लेखकाला हात झटकता येणार नाहीत. ‘पॅन्डोरा’ खुली आहे, युनिकोड खुला आहे, ‘मुक्त’ खुला आहे. मराठीत टिपणे लिहायला कोणी बंदी केलेली नाही. आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉलीत संसार आणि वर बसलेली पोरे. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील फडांवर पाच-सहा महिने खोपीत काढायचे. त्यांच्या विषयी कादंबऱ्या आहेत, अहवाल आहेत, मीही लिहिले आहे. पण आज त्यांच्या खिशात फोन आहे. पहाटेचा फड, मोळी उचलून गाडीवर चढणारी बाई, पाचटाचा जाळ, ट्रॉलीतली गाणी हे सारे ते स्वतः टिपतात, त्यावर गाणे चढवतात, एकमेकांना पाठवतात. खलाशांच्या पटात जे आहे त्याच जातीचे हे वाङ्मय आहे, आणि ते मराठीत आहे. दोन-तीन वर्षांनी फोन बिघडतो, नवा घेतला जातो आणि सगळे जाते. उरते ते एखाद्या परदेशी कंपनीच्या कोठारात, ज्याची किल्ली ना त्या बाईकडे, ना आमच्याकडे.

हे जपावे असे वाटणाऱ्यांनी आधी एका पथ्याचा विचार करावा. जपणे म्हणजे हिसकावणे नव्हे. मुकादमाच्या अरेरावीचे चित्रण ज्याने केले आहे त्याचे नाव उघडे पडले तर पुढच्या हंगामात त्याला उचल मिळणार नाही. महानुभावांनी कुलूप घातले त्यालाही भीतीचे कारण होते, हे विसरू नये. तेव्हा काय उघडायचे, कधी उघडायचे आणि कोणाच्या संमतीने, हे ठरवण्याचा अधिकार टिपणाऱ्याचा राहिला पाहिजे. सगळेच तत्काळ जगासमोर टाकण्याचा जो उत्साह या क्षेत्रात दिसतो त्याला माझा विरोध आहे. किल्ली असावी, ती मालकाच्या कमरेला असावी, एवढेच.

लेखकांपुरते म्हणाल तर काम त्याहून सोपे आहे. मजकूर युनिकोडमध्येच जुळवून मागावा आणि पुस्तकाबरोबर त्याची मूळ प्रत आपल्या ताब्यात घ्यावी. ही अट करारात पहिल्या क्रमांकाची असावी, मानधनाच्याही आधी. तिच्या दोन नकला दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. आपल्या पश्चात काय व्हावे हे लिहून ठेवावे. १९५७ च्या कायद्यात १९९२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन २०११ पासून असे मोकळे झाले आणि आज कोणालाही ते छापता येते, जाळ्यावर ठेवता येते. पण गुरुजींची पुस्तके त्या साठ वर्षांत घराघरांत होती म्हणून मोकळी होण्यापुरती शिल्लक राहिली. ज्याच्या तीनशे प्रती निघाल्या त्याच्या पुस्तकाला कायदा साठ वर्षे राखण देईल, आणि राखण उठेल तेव्हा आत काहीच नसेल. त्याला आपली मुदत स्वतःच कमी करता येते. हयातीतच आपले लेखन खुल्या परवान्याने देऊन टाकता येते. विक्रीतून ज्याला काही मिळतच नाही, त्याने निदान वाचक तरी मिळवावा.

समीक्षकांकडेही एक मागणी आहे. पुस्तकाचे परीक्षण करताना आपण शेवटी प्रकाशक, पृष्ठे, किंमत देतो. त्यात आणखी एक ओळ घालावी: या पुस्तकाची मूळ प्रत कोणापाशी आहे आणि ती उघडते का. वर्षभर ही ओळ नियमाने छापली, तर आपल्यातील किती स्वतंत्र लेखक खरोखर स्वतंत्र आहेत हे पुढच्या दिवाळीपर्यंत कळून येईल.